छोट्या टेबलाचा मोठा हिशेब

पत्ते हा आपल्या घराघरांतला खेळ. उन्हाळ्याच्या सुटीत बदाम सात, पाच-तीन-दोन किंवा मेंढीकोट खेळला नाही असा मराठी माणूस विरळाच. गणपतीच्या जागरणात रमी रंगते, दिवाळीत कुठं कुठं तीन पत्तीचा डाव बसतो. पण पत्त्यांवर पैसे लावले की माणसं आवाज खाली घेतात. जो जिंकतो तो घरी सांगतो, जो हरतो तो सांगत नाही. म्हणून या खेळाची खरी जमाखर्चाची वही कधी कुणाच्या हाती लागत नाही. आज ती थोडी उघडून पाहू या. विषय आहे पोकर. तोही परदेशातल्या कोट्यवधींच्या स्पर्धांमधला नव्हे, तर कॅसिनोतल्या सर्वांत छोट्या टेबलावरचा.

आता तुम्ही म्हणाल, या कवीला पोकरशी काय देणंघेणं? माझ्या धर्मात जुगार निषिद्ध आहे. कुराणात त्यासाठी ‘मैसिर’ हा शब्द आहे. अरबस्तानात इस्लामपूर्व काळात बाणांनी उंटाच्या मांसाचे वाटे ठरवण्याचा एक खेळ होता, त्याचं हे नाव. काही अभ्यासक या शब्दाचं नातं ‘युस्र’ म्हणजे सोपेपणा या शब्दाशी लावतात. सोपेपणानं, कष्टावाचून हाती येणारं ते मैसिर. हा अर्थ मला पुढं तीन रात्री आठवत राहिला.

झालं असं की, माझा भाचा पुण्यात संगणक कंपनीत नोकरीला आहे. दोन वर्षं तो फोनवर पोकर खेळत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्याचा तो खेळ बंद झाला. मग त्यानं मित्रांबरोबर गोव्याला तीन रात्रींची सहल ठरवली. एवढ्यावर भागलं असतं. पण ‘तिथं जमलं तर नोकरी सोडून हेच करीन,’ असं तो घरी बोलला. बहिणीचा फोन आला, “भाईजान, तुम्ही जा त्याच्यासोबत. त्याला अडवू नका, फक्त बघा.” मी गेलो. टेबलावर बसलो नाही. कठड्याबाहेर उभा राहून पाहत होतो आणि खोलीवर परतल्यावर वहीत लिहीत होतो.

गोव्यात हे चालतं कसं? १९७६ च्या तिथल्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी मिळाली. १९९६ साली बोटींवर टेबलावरच्या खेळांनाही मिळाली. म्हणून पणजीला मांडवीच्या पात्रात त्या दिव्यांनी झगमगणाऱ्या बोटी दिसतात. एकवीस वर्षांखालच्यांना तिथं प्रवेश नाही, आणि २०२० मध्ये सरकारनं खुद्द गोव्याच्या रहिवाशांनाही बंदी केली. आपल्या महाराष्ट्रानं १९७६ सालीच कॅसिनोंसाठी कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. न्यायालयांचं म्हणाल, तर रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली सांगितलं. पोकरबाबत मात्र एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं. अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये कौशल्याचा खेळ म्हटलं.

खेळ शिकायला अर्धा तास पुरतो. प्रत्येकाला दोन पानं उपडी मिळतात. मग टेबलाच्या मधोमध सर्वांसाठी मिळून पाच पानं उघडी मांडली जातात. आधी तीन एकदम, मग चौथं, मग पाचवं. आपली दोन आणि मधली पाच, अशा सातांतून सर्वांत चांगली पाच पानं ज्याची, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, समोरच्याचे भरायचे, वाढवायचे किंवा पानं टाकून द्यायची. तीन पत्ती खेळणाऱ्यांना चाल आणि पॅक माहीत असतं, तसंच हे. डाव कोरडा जाऊ नये म्हणून दोघांनी पानं पाहण्याआधीच ठरावीक रक्कम लावायची असते, तिला ब्लाइंड म्हणतात. मी पाहिलेल्या टेबलावर ती शंभर आणि दोनशे रुपये होती. ही पाळी फिरत राहते. नऊ जणांच्या टेबलावर एक फेरी पूर्ण झाली, की काहीही न खेळता तुमचे तीनशे रुपये गेलेले असतात. तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे नुसतं बसून राहण्याचं भाडं तासाला हजार रुपयांच्या आसपास.

एक नियम चांगला आहे. टेबलावर तुमच्यापुढं जेवढ्या चिप्स असतील, तेवढ्याच एका डावात जाऊ शकतात; मध्येच खिशात हात घालता येत नाही. पण डाव संपल्यावर घालता येतो, आणि बहुतेकांचं नुकसान तिथंच होतं. वीस हजार घेऊन बसलेला माणूस मध्यरात्रीनंतर दुसरे वीस हजार आणतो, तेव्हा तो खेळायला नव्हे, गेलेलं परत आणायला बसलेला असतो.

पोकरचा इतर जुगारांहून एक मोठा फरक आहे. रूलेटच्या चक्रात एक शून्य धरून सदतीस घरं असतात आणि तुमचा आकडा आला तर एकास पस्तीस मिळतात. हा सौदा मुळातच तुमच्या विरुद्ध आहे. कितीही हुशारी केली तरी तो बदलत नाही. पोकरमध्ये तुम्ही कॅसिनोविरुद्ध नव्हे, तर शेजारी बसलेल्या आठ माणसांविरुद्ध खेळता. म्हणून कौशल्याला जागा आहे. भाचा हेच मला अभिमानानं सांगत होता, “मामू, इथं घर जिंकत नाही. माणूस माणसाला जिंकतो.”

हे खरं आहे, पण अर्धंच. कॅसिनो प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो, त्याला रेक म्हणतात. डीलर तो इतक्या सफाईनं बाजूला सारतो की कुणाचं लक्ष जात नाही. तो किती, हे ठिकाणागणिक बदलतं. समजण्यासाठी पाच टक्के धरू. सरासरी डाव चार हजारांचा, तर रेक दोनशे. तासाला असे पंचवीस डाव, म्हणजे पाच हजार. आठ तासांत चाळीस हजार. आता नऊ जण प्रत्येकी वीस हजार घेऊन बसले असतील, तर टेबलावर एक लाख ऐंशी हजार आहेत. पहाटेपर्यंत त्यातला पाचवा हिस्सा टेबलावरून नाहीसा झाला, आणि तो कुणी जिंकलेला नाही. विहिरीच्या पाण्यावरून भाऊबंद भांडत बसावेत आणि विहिरीलाच भोक असावं, तसं हे. तेव्हा इथं शेजाऱ्यापेक्षा थोडं चांगलं असून भागत नाही; ते भोक भरून काढण्याइतकं चांगलं असावं लागतं.

त्याखेरीज करही आहेत. कॅसिनोवर आधी २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. त्याचा भार चिप्स घेताना आपल्यावर किती पडतो, हे खिडकीवर आधी विचारून घ्यावं. पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दरानं प्राप्तिकर लागतो, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. म्हणजे एका सहलीत वीस हजार मिळाले आणि पुढच्या सहलीत वीस हजार गेले, तर आपल्या लेखी बरोबरी. सरकारच्या लेखी मात्र कमाई.

मग कौशल्य नेमकं कशात? मला वाटलं होतं, चेहरा कोरा ठेवण्यात. तीन रात्री पाहिल्यावर कळलं, पानं टाकून देण्यात. पहिल्या दोन पानांचे १,३२६ प्रकार होऊ शकतात. एक्क्यांची जोडी सरासरीनं २२१ डावांत एकदा येते; कुठलीही जोडी सतरा डावांत एकदा. म्हणून जाणता खेळाडू दहापैकी सात-आठ डाव सुरुवातीलाच सोडून देतो. पण सहलीला आलेला माणूस सोडायला आलेला नसतो. दूरवरून, सुटी टाकून, पैसे खर्चून आलो ते काय गप्प बसायला? तो प्रत्येक डावात ‘बघू तरी’ म्हणून पैसे भरतो. छोट्या टेबलावर जो कमावतो, तो या ‘बघू तरी’वर कमावतो. तिथं मोठ्या थापा मारून उपयोग नाही, कारण समोरचा घाबरून पानं टाकतच नाही. चांगली पानं येण्याची वाट पाहायची आणि आली की पुरेपूर पैसे लावायचे. नाटक कमी आणि कंटाळा जास्त, असा हा धंदा आहे.

दुसऱ्या रात्रीचा एक डाव सांगतो. भाच्याच्या हातात दोन बदाम, मधल्या चार पानांत दोन बदाम. आणखी एक आला की पाचही बदाम, म्हणजे फ्लश. मधोमध तीन हजार होते. एका गृहस्थांनी दीड हजार लावले. भाच्यानं दोन क्षण पाहिलं आणि पानं टाकली. मागच्या तिसऱ्यानं पैसे भरले, पाचवं पान उघडलं, तो बदामच! त्याचे मित्र हळहळले. पण हिशेब पाहा. न दिसलेली पानं सेहेचाळीस, त्यांत बदाम नऊ. म्हणजे पाचांत एकदा बदाम येणार. दीड हजार भरून मिळणार होते साडेचार हजार. पाच वेळा असं केलं, तर चारदा दीड-दीड हजार म्हणजे सहा हजार जाणार आणि एकदा साडेचार हजार येणार. त्या गृहस्थांपुढं पुढच्या चालीसाठी फारशा चिप्सही उरल्या नव्हत्या. निर्णय बरोबर होता. पान उलटं आलं. शेताची मशागत आणि पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसावरून मशागतीला नावं ठेवू नयेत.

आणि पावसावरून तिचं कौतुकही करू नये. तिसऱ्या पहाटे भाचा उठला तेव्हा अठरा हजारांनी पुढं होता. जेटीवर मला म्हणाला, “मामू, आता तरी पटलं ना?” मी विचारलं, “किती तास खेळलास?” म्हणाला, “वीस.” मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, पुढचं गणित मी त्यालाच घालायला सांगितलं. तासाला हजार रुपये कमावणारा चांगला खेळाडू धरायचा. या खेळात एका तासातला चढउतार मात्र सहज दहा हजारांचा असतो. तर असा माणूस वीस तासांच्या सहलीतून हरून परत येण्याची शक्यता किती? त्यानं लॅपटॉपवर आकडे मांडले. उत्तर आलं, साधारण तीनांत एक. मग मी म्हटलं, “आता तासाला हजार गमावणारा वाईट खेळाडू घे. तो जिंकून परतण्याची शक्यता?” उत्तर तेच, तीनांत एक.

तो बराच वेळ गप्प होता. याचा अर्थ त्याला माझ्याआधी कळला होता. गोव्याहून परतणाऱ्या प्रत्येक गाडीत काही वाईट खेळाडू जिंकून, स्वतःला उस्ताद समजून बसलेले असतात. हरलेला माणूस निदान विचार तरी करतो. पहिल्या सहलीत जिंकलेला राजीनामा लिहितो. पाचशे तासांची नोंद झाली तर आपली पातळी जरा भरवशानं सांगता येईल, असं त्याचंच मत पडलं. वर्षाला अशा तीन सहली धरल्या, तर त्याला आठ वर्षं लागतील. नोकरीचा विषय तिथंच थांबला. त्यानं वही मात्र घातली आहे. तिच्यात प्रवासभाडं, खोली, जेवण आणि करही लिहितो. त्या अठरा हजारांतून हे सारं वजा जाता किती उरलं, ते त्यानं आईला स्वतःच सांगितलं.

कुणी जाऊ नये असं मी म्हणणार नाही. माझा नियम माझ्यापुरता. पण जाणाऱ्यानं चार गोष्टी घरीच ठरवाव्यात. सिनेमाच्या तिकिटासारखे गेले तरी चालतील एवढेच पैसे न्यावेत आणि कार्ड खोलीवर ठेवावं. उठण्याची वेळ जिंकण्या-हरण्यावर नव्हे, घड्याळावर ठरवावी. दारू आणि डाव एकत्र करू नये. आणि उधारीवर, मग ती मित्राची का असेना, एक चिपही घेऊ नये. डोकं शांत असताना ठरवलेलं पहाटे तीनला उपयोगी पडतं. पहाटे तीनला ठरवलेलं सहसा पडत नाही.

राहता राहिला तो ‘सोपेपणा’. चांगलं पोकर खेळणारी दोन-तीन माणसं मी तिथं पाहिली. तासन्‌तास पानं टाकणारी, न बोलणारी, मान मोडून आकडे धरणारी. त्यांचे पैसे सोपे नव्हते. सोपे पैसे फक्त डीलरच्या हाताखालून, दर डावाला दोनशे रुपयांनी, गुपचूप सरकत होते.