साक्षीभाव : संकल्पना, साधना आणि विपर्यास

गोषवारा

देह आणि मन यांच्याकडे तटस्थपणे पाहणे, असा साक्षीभावाचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. हा अर्थ चुकीचा नसला तरी अपुरा आहे. पाहणारे मन आणि त्या मनालाही प्रकाशित करणारे चैतन्य यांतील भेद लक्षात न घेतल्यास ही साधना अहंकाराचेच सूक्ष्म रूप धारण करते किंवा कोरड्या औदासीन्यात परिणत होते. प्रस्तुत लेखात सांख्य, योग आणि अद्वैत वेदान्त या दर्शनांच्या आधारे हा भेद स्पष्ट केला असून त्या अनुषंगाने साधनेचे स्वरूप व मर्यादा विशद केल्या आहेत.

बीजसंज्ञा : साक्षी, द्रष्टा, दृश्य, वृत्ती, तादात्म्य, उपाधी, कर्तृत्व

प्रस्तावना

‘साक्षी’ हा शब्द आज प्रामुख्याने न्यायालयीन व्यवहाराशी जोडला जातो. पाणिनीने अष्टाध्यायीत ‘साक्षात् पाहणारा’ या अर्थाने त्याची सिद्धी केली आहे. सांख्यकारिकेवरील ‘सांख्यतत्त्वकौमुदी’ या टीकेत वाचस्पती मिश्रांनीही हाच व्यावहारिक दाखला दिला आहे. वादी-प्रतिवादी ज्याप्रमाणे आपला वादविषय साक्षीदारापुढे मांडतात, त्याप्रमाणे प्रकृती आपले सर्व व्यापार पुरुषापुढे मांडते. या दाखल्यातून साक्षीची दोन लक्षणे निष्पन्न होतात. ज्याने पाहिले, परंतु जो वादात गुंतला, तो पक्षकार होय. जो गुंतला नाही, परंतु ज्याने पाहिलेही नाही, तो केवळ त्रयस्थ होय. बोध आणि अलिप्तता ही दोन्ही लक्षणे एकत्र असतील तेव्हाच साक्षित्व सिद्ध होते. साक्षीभावासंबंधीचे बहुतेक गैरसमज या दोहोंपैकी एक लक्षण सुटल्यामुळे निर्माण होतात.

या संकल्पनेची मुळे प्राचीन आहेत. एकाच वृक्षावरील दोन पक्ष्यांचे रूपक ऋग्वेदात येते आणि मुण्डकोपनिषदात ते पुन्हा आढळते. एक पक्षी फळ चाखतो, तर दुसरा न चाखता केवळ पाहतो. श्वेताश्वतर उपनिषदात सर्वांतर्यामी तत्त्वाला प्रत्यक्ष ‘साक्षी’ ही संज्ञा दिली आहे.

तात्त्विक भूमिका

सांख्यदर्शनात पुरुष आणि प्रकृती ही दोन स्वतंत्र तत्त्वे मानली आहेत. बुद्धी, अहंकार आणि मन ही प्रकृतीचीच कार्ये असल्याने ती स्वरूपतः जड होत. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत साक्षित्व, कैवल्य, माध्यस्थ्य, द्रष्टृत्व आणि अकर्तृत्व हे पुरुषाचे धर्म सांगितले आहेत. पुरुषाच्या सान्निध्यामुळे जड बुद्धी चेतन भासते आणि उदासीन पुरुष कर्ता भासतो, ही सांख्यांची बंधाची उपपत्ती होय. विचार करणारे मन साक्षीच्या बाजूला नसून दृश्याच्या बाजूला आहे, हा या भूमिकेचा महत्त्वाचा फलितार्थ आहे.

पतंजलींनी या विचाराला साधनेची जोड दिली. चित्तवृत्तींचा निरोध झाला असता द्रष्टा स्वरूपात स्थित असतो आणि एरवी तो वृत्तींशी एकरूप झाल्यासारखा भासतो, असे योगसूत्रांच्या प्रारंभीच प्रतिपादिले आहे. पाहणाऱ्याची शक्ती आणि पाहण्याच्या साधनाची शक्ती एकच वाटणे, ही पतंजलींची ‘अस्मिता’ या क्लेशाची व्याख्या आहे. चौथ्या पादातील युक्तिवाद अधिक सूक्ष्म आहे. चित्त स्वतः दृश्य असल्याने ते स्वयंप्रकाशी असू शकत नाही. एका चित्ताला दुसरे चित्त जाणते असे मानल्यास त्या दुसऱ्याला जाणण्यासाठी तिसरे मानावे लागते आणि अनवस्था दोष उद्भवतो. म्हणून बदलत्या वृत्तींना जाणणारा स्वतः अपरिणामी असला पाहिजे.

अद्वैत वेदान्ताने साक्षीची संकल्पना स्वीकारली, परंतु पुरुषबहुत्व आणि प्रकृतीचे स्वतंत्र अस्तित्व नाकारले. ‘दृग्दृश्यविवेक’ या लघुप्रकरणात विवेकाचा क्रम नेमका सांगितला आहे. रूप दृश्य आहे आणि नेत्र द्रष्टा आहे. नेत्र दृश्य झाल्यास मन द्रष्टा ठरते. मनाच्या वृत्ती दृश्य झाल्यास साक्षी द्रष्टा ठरतो. साक्षी मात्र कोणाचेही दृश्य होत नाही. धर्मराजाध्वरीन्द्रांच्या ‘वेदान्तपरिभाषा’ या सतराव्या शतकातील ग्रंथात जीव आणि जीवसाक्षी यांतील भेद पारिभाषिक भाषेत मांडला आहे. अंतःकरण हे ज्याचे विशेषण, ते चैतन्य म्हणजे जीव. अंतःकरण ही ज्याची केवळ उपाधी, ते चैतन्य म्हणजे साक्षी. चैतन्य एकच आहे. भेद अंतःकरणाशी असलेल्या संबंधाचा आहे.

गाढ निद्रेतून उठलेला मनुष्य ‘सुखाने झोपलो, काहीच कळले नाही’ असे सांगतो. ही स्मृती आहे आणि स्मृती अनुभवाशिवाय संभवत नाही. त्या वेळी मन लीन असल्याने तो अभाव जाणणारा साक्षीच मानला पाहिजे, असा अद्वैताचा युक्तिवाद आहे. ही भूमिका सर्व वेदान्ती आचार्यांना मान्य नाही. रामानुजाचार्यांच्या मते ‘अहम्’ या शब्दाचा अर्थ हाच ज्ञाता आत्मा होय. त्यापलीकडील निर्विशेष साक्षी त्यांना अमान्य आहे. त्यामुळे ‘हिंदू तत्त्वज्ञानातील साक्षी’ असे सरसकट विधान करणे अभ्यासकाने टाळले पाहिजे.

साधनेचे स्वरूप

साक्षी नित्यसिद्ध असेल, तर साधना कशाची करावयाची, असा प्रश्न उपस्थित होतो. साधना साक्षी निर्माण करण्यासाठी नसते. वृत्तीशी जडलेले तादात्म्य ओळखून ते शिथिल करणे, एवढेच तिचे कार्य आहे.

उदाहरणार्थ, एखाद्या सभेत अवमानकारक शब्द ऐकावा लागला. जबडा आवळला जातो, श्वास जलद होतो, मन प्रत्युत्तराची वाक्ये रचू लागते. सामान्यतः ‘मी रागावलो’ या एका वाक्यात हे सर्व विलीन होते. साधक त्यातील थर विलग करतो. देहातील ताण ज्ञात आहे, म्हणून तो दृश्य आहे. मनातील क्रोध ज्ञात आहे, म्हणून तोही दृश्य आहे. पुढची पायरी सहसा निसटते. ‘मी हे किती शांतपणे पाहत आहे’ असा विचार उठतो आणि साधक त्यालाच साक्षी समजतो. वस्तुतः तो विचारही ज्ञात आहे. ज्या पाहण्यात पसंती, नापसंती किंवा आत्मसंतोष आहे, ते पाहणे मनाचे आहे, ही येथील व्यावहारिक कसोटी होय.

‘पंचदशी’ या ग्रंथाच्या नाटकदीप प्रकरणातील दृष्टांत या संदर्भात उद्बोधक आहे. नाट्यगृहातील दीप यजमान, प्रेक्षक आणि नर्तकी यांना सारखाच प्रकाशित करतो आणि ते निघून गेल्यावरही तो तेवतच राहतो. दीपाला प्रकाशण्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही. मराठी परंपरेत समर्थ रामदासांनी दासबोधात तुर्येला ‘सर्वसाक्षिणी’ अवस्था म्हटले आहे. परंतु तीही अवस्थाच असल्याने तेथे थांबू नये, असा त्यांचा रोख आहे.

दोन विपर्यास

पहिला विपर्यास औदासीन्याचा. साक्षी अकर्ता आहे, म्हणून देहाने कर्तव्य सोडावे, असा निष्कर्ष काढला जातो. भगवद्गीतेला तो मान्य नाही. तेराव्या अध्यायात पुरुषाला ‘उपद्रष्टा’ म्हणणारी आणि चौदाव्या अध्यायात गुणातीताचे उदासीनवत् वर्णन करणारी हीच गीता अर्जुनाला रणांगण सोडू देत नाही. अकर्तृत्व साक्षीचे आहे. देह-मनाचे व्यापार चालूच राहतात आणि त्यांचे औचित्यही तपासले जाते. इतरांचे सुखदुःख आपल्यासारखेच मानणारा योगी सहाव्या अध्यायात श्रेष्ठ ठरवला आहे. पतंजलींनीही उपेक्षेपूर्वी मैत्री, करुणा आणि मुदिता यांचा निर्देश केला आहे. परदुःखाने विचलित न होणे आणि परदुःख न दिसणे या भिन्न गोष्टी आहेत.

दुसरा विपर्यास मनोविकाराशी संबंधित आहे. आपण स्वतःच्या देहाबाहेरून किंवा विचारांबाहेरून पाहत आहोत आणि सर्व काही परके, निर्जीव वाटते, असा अनुभव व्यक्तित्वविलोप या विकारात येतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत त्याची नोंद आहे. बाह्य वर्णन साक्षीभावासारखे वाटले तरी येथे अलिप्तता अनाहूत, भावशून्य आणि बहुधा क्लेशकारक असते. त्यामुळे अशी लक्षणे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला अधिक ध्यान करण्याचा सल्ला देणे अनुचित ठरेल. त्याला तज्ज्ञ मानसोपचाराची गरज असते. वेदान्तानेही शम, दम, तितिक्षा इत्यादी साधनसंपत्तीनंतरच विवेकमार्गाचा अधिकार मानला आहे, हे येथे लक्षणीय आहे.

निष्कर्ष

१. साक्षी ही मनाची शांत अवस्था नसून शांत व अशांत अशा दोन्ही अवस्था ज्याच्यामुळे ज्ञात होतात ते चैतन्य होय.

२. सांख्य-योग आणि अद्वैत यांत तत्त्वमीमांसेचा भेद असला, तरी मन दृश्य आहे याबाबत त्यांचे एकमत आहे. साधनेचा पाया हेच एकमत होय.

३. ‘मी साक्षी आहे’ हा विचारही वृत्तीच असल्याने त्याला साध्य मानता येत नाही.

४. साक्षीभावामुळे कर्तव्य संपत नाही. कर्तव्यावर चढलेला अहंकाराचा लेप मात्र कमी होतो. दुखावलेल्या अहंकाराचे रक्षण करण्याची घाई उरत नाही, तेव्हा समोरच्या व्यक्तीचे म्हणणे नीट ऐकू येते. साधना योग्य दिशेने चालली आहे किंवा नाही, हे आसनावरील शांततेपेक्षा अशा ऐकण्यातूनच अधिक विश्वासार्हपणे कळू शकते.