मिरकरवाडा: अक्षरं सहा, संकेत नऊ

प्रोग्राम लिहायला कोणता टेक्स्ट एडिटर चांगला, यावर प्रोग्रामर हिरिरीने भांडतात. या आवडीनिवडींमागे बऱ्याचदा कळफलकाचा इतिहास असतो. १९७६च्या सुमारास बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून कर्सर आजही त्याच कळांनी हलतो. १९९१चा ‘व्हिम’ त्याच वाटेने गेला. हात मधल्या ओळीवरून उचलावा लागत नाही, म्हणून मला तो आवडतो.

पण मराठीत लिहिणाऱ्याने एडिटर निवडताना आधी आपल्या गावाचं नाव टंकून पाहावं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचंच घ्या. डोळ्यांना अक्षरं दिसतात सहा: मि, र, क, र, वा, डा. युनिकोड वेलांटी आणि काने वेगळे धरतं, त्यामुळे संकेत होतात नऊ; यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे २७ बाइट. शिवाय ‘मि’ची वेलांटी दिसते आधी, साठवली जाते ‘म’नंतर. मग बॅकस्पेस दाबल्यावर नुसती वेलांटी जावी की अख्खं ‘मि’? प्रत्येक एडिटरचं उत्तर सारखं नसतं. माझं मत वेलांटीच्या बाजूने: ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना ‘म’ पुन्हा टंकावा लागत नाही.