चित्रवृत्तसंस्था, आंतरजालीय

आंतरजालावरून चित्रफितींच्या रूपाने बातम्या प्रसृत करणारी संस्था. उपग्रह वृत्तवाहिनीस प्रक्षेपणाचा परवाना, उपग्रहजोडणी व वितरणयंत्रणा यांसाठी मोठे भांडवल लागते. आंतरजालीय संस्था मात्र भ्रमणध्वनीवर चित्रण, संगणकावर संकलन व यूट्यूबसारख्या मंचावरून प्रसारण एवढ्या सामग्रीवर उभी राहू शकते.

महाराष्ट्रात चित्रवृत्ताची परंपरा जुनी आहे. रँग्लर र. पु. परांजपे यांच्या मुंबईतील स्वागताचे ह. स. भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १९०१ मध्ये केलेले चित्रण हा भारतीय वृत्तपटाचा आरंभ मानला जातो. १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वृत्तपट चित्रपटगृहांतून दाखविले जात. दूरदर्शनची मक्तेदारी असताना, १९८८ मध्ये, मधू त्रेहान यांनी न्यूजट्रॅक हे कॅसेटवरील वृत्तमासिक सुरू केले. २०१२ मध्ये न्यूजलाँड्री या वर्गणीवर भर देणाऱ्या आंतरजालीय संस्थेच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता.

यूट्यूबचा उदय (२००५) व सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सेवेच्या आगमनानंतर स्वस्त झालेले आंतरजाल यांमुळे अशा संस्था झपाट्याने वाढल्या. बीबीसी मराठीचा प्रारंभ २ ऑक्टोबर २०१७ रोजी झाला. मॅक्स महाराष्ट्र, बोल भिडू यांसारख्या मराठी उपक्रमांनाही मोठा प्रेक्षकवर्ग लाभला.

या वाढीतच परावलंबनाचे बीज आहे. वितरण व जाहिरातींचे उत्पन्न बहुतांशी मंचाच्या मालकाच्या हाती असते. जाहिरातींतील वाट्यासाठी किमान १,००० वर्गणीदार व बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण ही अट यूट्यूबने २०१८ मध्ये घातली. प्रेक्षकसंख्येवर उत्पन्न ठरत असल्याने सनसनाटीकडे कल वाढतो.

पालघर जिल्ह्यातील चिखले (ता. डहाणू) यासारख्या गावातील घटना आता कोणीही ग्रामस्थ चित्रित करून क्षणार्धात सर्वदूर पोहोचवू शकतो; परंतु चित्रफीत म्हणजे बातमी नव्हे. याच तालुक्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात पसरलेल्या अफवांच्या वातावरणात, जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. काही दिवसांनी तिच्या चित्रफिती देशभर पसरल्या आणि घटनेस धार्मिक संघर्षाचे रूप दिले गेले. अटक झालेल्यांत एकही मुस्लिम नसल्याचे राज्य शासनास नावांच्या यादीसह जाहीर करावे लागले. दृश्य खरे असूनही त्याचा अर्थ विपरीत लावता येतो. म्हणून स्थळ, काळ व पार्श्वभूमी यांची शहानिशा हेच वृत्तसंस्थेचे खरे कार्य ठरते.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये अशा संस्थांसाठी नियम केले. त्यांतील आचारसंहितेच्या सक्तीविषयीच्या पोटनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कारणास्तव, अंतरिम स्थगिती दिली.