‘लॅक्मे’ हे ‘लक्ष्मी’चे अशुद्धलेखन नव्हे

शुद्धलेखनाची कळकळ असलेल्या मंडळींत एक कथा अलीकडे इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे सांगितली जाते की, तिचा एकदा सविस्तर समाचार घेणे अवश्य झाले आहे. कथा अशी : टाटांनी प्रसाधनांची कंपनी काढली तेव्हा तिचे नाव मूळचे ‘लक्ष्मी’ असे होते, परंतु गिऱ्हाइकाला माल विलायती वाटावा म्हणून त्या नावाची मोडतोड करून त्याचे ‘लॅक्मे’ करण्यात आले, सबब ‘लॅक्मे’ हे लेखन अशुद्ध, ‘लक्ष्मी’ हे शुद्ध, आणि स्वभाषेचा अभिमान असणाऱ्याने निदान आपल्या लेखणीपुरती तरी ही चूक दुरुस्त करावी. लग्नघरात, वाचनालयात, शाळेच्या शिक्षकवृंदात, जेथे जेथे भाषेचा विषय निघतो तेथे तेथे ही कथा पुढे येते, आणि सांगणाऱ्याने एकदाही मूळ दाखला पाहिलेला नसतो. कथेतील एक धागा खरा आहे, आणि त्या एका खऱ्या धाग्याच्या बळावर बाकीचे सारे खोटे वस्त्र खपून जाते, म्हणून ते उलगडून पाहिले पाहिजे.

खरा धागा एवढाच की, ‘लॅक्मे’ या नावाचा ‘लक्ष्मी’शी संबंध आहे. परंतु तो संबंध जुळला तो मुंबईत नव्हे आणि टाटांच्या कचेरीतही नव्हे. तो जुळला पॅरिसमध्ये, आणि तोही कंपनी स्थापन होण्याच्या तब्बल ६९ वर्षे अगोदर. १४ एप्रिल १८८३ रोजी पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिक या नाट्यगृहात लिओ दलिब या फ्रेंच संगीतकाराच्या एका नव्या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. तिची संहिता एदमाँ गाँदिने व फिलिप जिल या दोघांनी रचिली होती, आणि तिचे नाव होते ‘लाक्मे’. कथानक ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानात घडते : नीलकंठ नावाचा एक ब्राह्मण, त्याची कन्या लाक्मे, तिची दासी मल्लिका, आणि जेराल्ड नावाचा एक इंग्रज अधिकारी, ज्याच्यावर अनुरक्त होऊन ती तरुणी अखेरीस धोतऱ्याचे विष भक्षून प्राण सोडते. या संगीतिकेतील लाक्मे आणि मल्लिका यांचे पुष्पगीत एका ब्रिटिश विमानकंपनीच्या जाहिरातींतून जगभर पोहोचले, तेव्हा नाव ठाऊक नसले तरी तो स्वर अनेक मराठी कानांनी ऐकलेला असेल. ‘लाक्मे’ हे लक्ष्मी या नावाचे फ्रेंचांनी केलेले रूप होय.

आता, १९५२ साली टाटा ऑइल मिल्स या कंपनीच्या छत्राखाली हिंदी स्त्रियांकरिता प्रसाधने तयार करणारा जो उद्योग सुरू झाला, त्याने फ्रेंच तज्ज्ञांचे सहकार्य घेतले आणि नाव घेतले ते या संगीतिकेचे, तिच्या फ्रेंच लेखनासह, अक्षराला अक्षर लावून. म्हणजे कंपनीने ‘लक्ष्मी’ची मोडतोड केली नाही, एका विख्यात कलाकृतीचे नाव, ज्या रूपात ते जगाला परिचित होते त्याच रूपात, तिने उचलले. ज्याला ही मोडतोड म्हणावयाची असेल त्याने आपली फिर्याद गाँदिने व जिल यांच्यावर गुदरावी. परंतु तेथेही फिर्याद टिकणे कठीण आहे, कारण ज्या लेखकांनी ‘नीलकंठ’ आणि ‘मल्लिका’ ही नावे जवळजवळ यथामूल लिहिली, त्यांना ‘लक्ष्मी’ लिहिता येत नव्हते असे मानण्यास जागा राहत नाही. गायिकेच्या कंठातून सुखाने निघेल आणि फ्रेंच कानाला गोड लागेल असे दोन अक्षरांचे रूप त्यांनी घडविले असावे, असा माझा तर्क आहे.

याच कथेची दुसरी आवृत्ती सांगणारे म्हणतात की, हे नाव सिमोन टाटा यांनी सुचविले, कारण त्यांची मातृभाषा फ्रेंच. येथे तर केवळ सनांचा ताळा घेतला तरी पुरे. जिनिव्हा येथे जन्मलेल्या सिमोन दुनोये या १९५३ मध्ये पर्यटक म्हणून प्रथम हिंदुस्थानात आल्या, १९५५ मध्ये नवल टाटा यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि कंपनीच्या कारभारात त्यांनी लक्ष घातले ते १९६० नंतर. कंपनी १९५२ सालची. पुढे ती नावारूपास आणण्याचे श्रेय निःसंशय त्यांचे आहे, १९८२ मध्ये त्या तिच्या अध्यक्षाही झाल्या. परंतु बारशाला त्या हजर नव्हत्या.

मला खरा विषाद वाटतो तो याच्यापुढच्या युक्तिवादाचा. ‘फ्रेंचांनी केले म्हणून काय झाले? देवीच्या नावातील ‘ष’ गाळणे हा प्रमादच,’ असे जे म्हणतात, त्यांनी आपल्याच घरावरील पाटी एकदा डोळे उघडून वाचावी. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांच्या रोमन पाट्यांवर हेच नाव कोठे ‘एक्स’ घालून लिहिलेले आढळते, कोठे ‘के-एस-एच’ घालून, आणि ‘एक्स’ हे अक्षर तर ‘क्स’ असा उच्चार देते, ज्यात ‘ष’ मुळीच नाही. दक्षिणेकडे एक प्रघात, महाराष्ट्र-गुजरातेत दुसरा. इतकेच कशाला, आपल्या प्राकृत पूर्वजांनीही ‘लक्ष्मी’चे ‘लच्छी’ केले, ‘लक्ष्मण’चे ‘लखन’ झाले, आणि त्या रूपांना कोणी देवनिंदा म्हटले नाही. भाषा भाषेत जाताना उच्चारसुलभतेसाठी अक्षरे झिजतात. मराठी भाषेच्या इतिहासाचा पहिला धडा शिकलेल्यालाही हे सांगावे लागू नये. मग तीच झीज पॅरिसमध्ये झाली की ती अपमान कशी ठरते?

मुळात प्रश्न असा की, व्यापारी नावाची शुद्धाशुद्धता ठरविण्याचा अधिकार कोणाचा? मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये तयार केलेले व पुढे शासनमान्य झालेले लेखनविषयक नियम मराठी शब्दांच्या ऱ्हस्वदीर्घाचा, अनुस्वारांचा निवाडा करतात. एखाद्या गृहस्थाने आपले आडनाव कसे लिहावे याचा हुकूम ते सोडीत नाहीत, आणि व्यापारी नाव हे त्या आडनावाच्याच जातीचे आहे. मालक जसे लिहितो आणि व्यापारचिन्हांच्या दप्तरी ज्या रूपात त्याची नोंद मंजूर होते, ते त्याचे प्रमाण रूप. किंबहुना कायद्याचा ओढा नेहमीच्या लेखनापासून दूर जाणाऱ्या रूपांकडेच आहे, कारण ज्या शब्दाने मालाचा प्रकार, गुण वा उगमस्थान केवळ वर्णिले जाते त्यावर एकट्याचा हक्क १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा सहसा मान्य करीत नाही. आणि धर्मग्रंथाच्या नावाचीही तीच गत होते, हे २०१५ मध्ये ‘रामायण’ या नावाने उदबत्ती विकण्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. नावात मुद्दाम फरक करणारा व्यापारी पुष्कळदा अज्ञानाने नव्हे, तर वकिलाच्या सल्ल्याने तसे करीत असतो.

त्याहून महत्त्वाचे हे की, न्यायालये अशा नावांची पारख करताना व्युत्पत्ती पाहत नाहीत, कान पाहतात. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांचा कज्जा आला. संस्कृत जाणणारा म्हणेल की एकात अमृत, दुसऱ्यात लक्ष्मण, साम्य कसले? न्यायालयाने असे धरले की, सामान्य बुद्धीचा आणि अपुऱ्या स्मरणाचा गिऱ्हाईक नावाचे तुकडे पाडून त्यांचा धात्वर्थ लावीत बसत नाही. संपूर्ण नावाचा जो ठसा त्याच्या मनावर उमटतो त्यावरच तो फसतो किंवा फसत नाही. आणि त्या कसोटीने ही दोन नावे भ्रम उत्पन्न करण्याइतकी सारखी ठरली. हीच कसोटी पुढे आपल्या प्रस्तुत नावालाही लागली. कोणा व्यापाऱ्याने ‘लाइक मी’ या नावाने प्रसाधने विकण्यास आरंभ केला, त्यावर ‘लॅक्मे’च्या मालकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९९६ मध्ये न्यायालयाने दोहोंच्या उच्चारातील साम्य ध्यानी घेऊन मनाईहुकूम दिला. एक नाव फ्रेंच संगीतिकेतून आलेले, दुसरे दोन साध्या इंग्रजी शब्दांचे, अर्थाचा परस्परांशी सुतराम संबंध नाही. तरीही कायद्याच्या दृष्टीने ती एकमेकांच्या वाटेत आली.

आता उरला तो रोमन लेखनातील एका लहानशा रेघेचा वाद. या नावाच्या शेवटच्या ‘ई’ या रोमन अक्षरावर उजवीकडे चढत जाणारी एक तिरकी रेघ असते. तिला कोणी नक्षी समजतात, कोणी फॅशनचे ढोंग समजतात. ती दोन्ही नाही. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचा साधा ‘ई’ बहुधा मूक असतो. रेघ नसती तर फ्रेंच वाचकाने हे नाव ‘लाक्म’ असे वाचले असते. ‘मे’ हा उच्चार त्या रेघेने येतो. कंपनीच्या वेष्टनांवर ती रेघ असते, तर ‘लॅक्मे लीव्हर’ या नोंदलेल्या कायदेशीर नावात ती नसते. म्हणून बातमीत वा पत्रव्यवहारात ती गाळणाऱ्याला अशुद्ध लिहिल्याचा दोष देणे अन्यायाचे आहे, आणि ती लिहिणाऱ्याला हौशी म्हणणे हेही तसेच.

देवनागरीची गोष्ट थोडी निराळी आहे. ‘लाक्मे’ हे फ्रेंच उच्चाराला सर्वांत जवळचे. ‘लॅक्मे’ हे इंग्रजी वळणाचे, आणि मराठी वृत्तपत्रांत रूढ झालेले. २००९ च्या शासननिर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत रीतसर स्थान दिल्यामुळे हे दुसरे रूप लिहिण्यात संकोच वाटण्याचे कारणही उरलेले नाही. मी स्वतः कंपनीविषयी लिहिताना ‘लॅक्मे’ आणि संगीतिकेविषयी लिहिताना ‘लाक्मे’ लिहितो, आणि हा भेद उपयुक्त आहे असे मला वाटते. ‘लकमे’ मात्र लिहू नये; त्यात जोडाक्षर मोडते आणि वाचणारा ‘ल-क-मे’ असे तीन अक्षरांनी वाचतो.

याच जातीचे इतर काही समज थोडक्यात निकालात काढण्यासारखे आहेत. ‘बाटा’ हे नाव बंगाली नव्हे. तोमाश बात्या याने १८९४ मध्ये झ्लीन येथे भावंडांसह काढलेल्या चेक कारखान्याचे ते नाव आहे, मूळ लेखनात ‘टी’वर एक खूण असून तिथला उच्चार ‘बात्या’च्या जवळ जातो. ‘गूगल’ हे स्पेलिंग पहिल्या भांडवलदाराने धनादेशावर चुकीचे लिहिल्याने रूढ झाले, हे असत्य आहे : धनादेश ऑगस्ट १९९८ चा, आणि संकेतस्थळाचे नाव त्याच स्पेलिंगने १५ सप्टेंबर १९९७ रोजीच नोंदलेले होते. ‘कोडॅक’ हा कोणत्याही शब्दाचा अपभ्रंश नाही. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये तो निव्वळ घडविला. ‘फोक्सवॅगन’ हे चाकणच्या कारखान्यामुळे आपल्या तोंडी बसलेले रूप पूर्वार्धात जर्मन आणि उत्तरार्धात इंग्रजी आहे. जर्मन माणूस उत्तरार्ध ‘वागन’ असा म्हणतो, परंतु रूढीने स्थिरावलेले रूप चूक म्हणून खोडण्याचे प्रयोजन नाही. आणि ‘पारले’ की ‘पार्ले’ हा विलेपार्लेकरांचा जुना वाद : गावाचे नाव मराठीत ‘पार्ले’, बिस्किटांच्या देवनागरी वेष्टनावर कंपनी लिहिते ‘पारले’; दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत.

शेवटी, परदेशी गेलेल्या मराठी मंडळींकडून येणारी एक शंका. स्पेनमध्ये केशप्रसाधनांच्या बाटल्यांवर हेच नाव, तिरक्या रेघेसह, दिसते. तेव्हा ही आपली कंपनी तिकडे गेली, की आपण ज्यांना आपले समजत होतो ते मुळात स्पॅनिशच? दोन्ही नाही. बार्सिलोनाची ती कंपनी स्वतंत्र आहे. व्यापारचिन्हाचा हक्क त्या त्या देशाच्या सीमेपुरता असतो, म्हणून एकाच अक्षररूपाचे दोन देशांत दोन कायदेशीर मालक असू शकतात. हिंदुस्थानातील ‘लॅक्मे’ टाटांनी १९९६ मध्ये हिंदुस्थान लीव्हरशी भागीदारीत आणली आणि १९९८ मध्ये त्यांच्याकडेच सोपविली. आज ती हिंदुस्थान युनिलिव्हरची आहे. बाटली हाती आली की तिच्या मागील बाजूस उत्पादकाचे नाव व पत्ता छापलेला असतो, तो वाचावा, म्हणजे दोहोंपैकी कोणती आहे ते कळते.