तपासणीच्या अहवालाची नक्कल : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुरतेच्या ईशान्येस, तापीच्या काठी आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या वाटेवर वसलेले कामरेज हे एके काळी गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, नवसारी प्रांतात मोडत असे. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली हा सारा मुलूख गुजरातेत गेला. आज मराठी माणसाचा कामरेजशी येणारा संबंध राज्यकारभाराचा नसून श्रमाचा आहे. दिवाळी सरली की नंदुरबार-धुळ्याकडची आणि डांगाकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेतील सहकारी साखर कारखान्यांच्या शिवारात उतरतात, कामरेज तालुक्याच्या शिवारातही त्यांचे पडाव पडतात, आणि सुरतेतील उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर तर खानदेशी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राबत आहे. ही माणसे आजारी पडतात तेव्हा त्यांचे रक्त तपासले जाते, थुंकी तपासली जाते, छातीचा एक्स-रे काढला जातो. परंतु निष्कर्ष काय निघाला हे कोणीतरी घाईघाईने तोंडी सांगतो, आणि ज्यावर तो निष्कर्ष लिहिला आहे तो कागद पुष्कळदा दवाखान्याच्या फायलीत अथवा मुकादमाच्या पिशवीत राहून जातो. तो कागद मागण्याचा रुग्णास पूर्ण अधिकार आहे, आणि तो हाती पडू नये यास कारण होणाऱ्या गैरसमजुती मागणाऱ्याच्या मनात जितक्या रुजल्या आहेत तितक्याच देणाऱ्याच्याही मनात आहेत, म्हणून त्यांचा थोडा सविस्तर परामर्श घेणे आवश्यक वाटते.

सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट समजूत अशी की, कागद दवाखान्याने तयार केला, दवाखान्याच्या कपाटात ठेवला, सबब तो दवाखान्याच्या मालकीचा, आणि त्याची प्रत देणे न देणे हा डॉक्टरांच्या मर्जीचा प्रश्न आहे. या समजुतीस मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली, रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात, निःसंदिग्ध उत्तर दिले. रुग्णाने अथवा त्याच्या निकटच्या नातलगाने मागणी केल्यास केसपेपर आणि उपचारासंबंधीच्या सर्व कागदपत्रांच्या प्रती देणे रुग्णालयावर व डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यासाठी नेहमीचा नकलांचा खर्च तेवढा घेता येईल, आणि रुग्णाच्याच कागदांबाबत खुद्द रुग्णापुढे गोपनीयतेची सबब सांगता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. शिवाय सर्व रुग्णालयांना तशी परिपत्रके पाठवावीत, असाही हुकूम न्यायालयाने कौन्सिलला दिला. हा निर्णय झाला तेव्हा देशात या विषयावर स्पष्ट नियम नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. नियम आला तो २००२ साली, भारतीय वैद्यक परिषदेच्या व्यावसायिक वर्तन व नीतिविषयक विनियमांच्या रूपाने, आणि तो महाराष्ट्राला जितका लागू तितकाच गुजरातलाही लागू आहे. आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करावीत, रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास मागणीची पोच द्यावी आणि ७२ तासांच्या आत कागद द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. आणि तसे न करणे हे गैरवर्तन समजले जाईल, असेही त्याच विनियमांच्या पुढच्या प्रकरणात नमूद आहे.

येथे एक भेद सांगितला पाहिजे, कारण त्यावाचून रुग्णाचीही अपेक्षा भलतीकडे जाते. आंतररुग्णाच्या मूळ केसपेपराचा ताबा रुग्णालयाकडे राहतो, आणि तो तसा राहणेच इष्ट आहे, कारण उद्या उपचारांबद्दल वाद उपस्थित झाला तर मूळ कागद एका जबाबदार ठिकाणी असावा लागतो. अपघात, विषबाधा, मारहाण अशा पोलिसी प्रकरणांत तर तो न्यायालयात रुजू करावा लागतो. रुग्णाचा हक्क आहे तो प्रतीवर. बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या तपासणीचा अहवाल, एक्स-रेची फिल्म, सोनोग्राफीचा कागद हे मात्र सामान्यतः रुग्णाच्याच हाती देण्याचा प्रघात आहे, आणि तीन वर्षे जतन करण्याचा नियम आंतररुग्णापुरता असल्याने हे कागद जपण्याचा भार बव्हंशी रुग्णावरच पडतो. भ्रमणध्वनीवर पाठवलेले छायाचित्र अडीअडचणीला उपयोगी पडते खरे, पण पुढच्या डॉक्टरला किंवा विमा कंपनीला नाव, दिनांक, प्रयोगशाळेचे नाव आणि जबाबदार व्यक्तीची सही असलेला पूर्ण अहवाल लागतो. म्हणून छायाचित्रावर समाधान मानू नये.

मुदतीविषयीही गोंधळ आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम काढले, त्यांत ७२ तासांऐवजी कामाचे पाच दिवस अशी तरतूद होती, आणि ती बातमी वाचलेली मंडळी आजही पाच दिवसांचा हवाला देतात. परंतु ते विनियम त्याच महिन्यात स्थगित करण्यात आले आणि २००२ चे विनियम पुन्हा लागू झाले. सबब ७२ तास हीच मुदत ग्राह्य धरली पाहिजे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या आणि पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांकडे अंमलबजावणीसाठी धाडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तर, रुग्ण दाखल असतानाच मागणी केल्यास शक्यतो २४ तासांत आणि घरी सोडल्यानंतर ७२ तासांत प्रती मिळाव्यात, असे म्हटले आहे.

बिल थकले असेल तर अहवाल अडवून ठेवता येतो, ही समजूत गरिबाला सर्वांत अधिक जाचते. ज्याची हंगामाची मजुरी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत आधीच कापली जाणार आहे, तो मनुष्य रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभा राहून बिलाची बाकी आणि रिपोर्टचा कागद यांचा संबंध निमूटपणे मान्य करतो, कारण उधारी थकवणाऱ्याला मागण्याचे तोंड नसते, असे त्याला लहानपणापासून शिकवलेले असते. वस्तुतः ७२ तासांच्या नियमात बिल चुकते केल्याची अट कोठेही घातलेली नाही. घ्यावयाचा तो नकलांचा खर्च. उपचारांची बाकी ही रुग्णालयाची रास्त येणी असतील तर ती वसूल करण्यास दिवाणी दाद मागण्याचा मार्ग त्यांना मोकळा आहे. पैशाच्या वादापायी रुग्णाला अथवा मृतदेहाला अडवून ठेवता येणार नाही, असे उपरोक्त सनदेत स्पष्टच म्हटले आहे, आणि ज्या कागदावर त्या माणसाचा पुढचा उपचार अवलंबून आहे तो कागद तारण म्हणून ठेवणे हे मला त्याहून फारसे निराळे वाटत नाही.

पुढचा उपचार हे शब्द मी सहज लिहिले नाहीत. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचारक्रम साधारणपणे सहा महिन्यांचा असतो, आणि ऊसतोडीचा हंगामही त्याच सुमाराचा, दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यात संपणारा. जानेवारीत कामरेजच्या पडावावर एखाद्या बाईच्या थुंकीत जंतू सापडले तर तिचा उपचार जुलैत पुरा व्हावयाचा, म्हणजे अर्धा गुजरातेत आणि अर्धा सातपुड्याच्या पायथ्याशी. जंतू रिफॅम्पिसिन या औषधाला दाद देतात की नाही, हे सांगणारा तपासणीचा निष्कर्ष आणि निक्षय या सरकारी नोंदणीतील क्रमांक या दोन गोष्टी तिच्याजवळ असतील, तर तिच्या तालुक्यातील आरोग्य केंद्र दुसऱ्या दिवशीपासून पुढची औषधे देऊ शकते. नसतील तर पुन्हा थुंकी, पुन्हा प्रतीक्षा, आणि मध्यंतरी खंडित झालेला उपचार, ज्यातून औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवण्याचा धोका असतो. सिकलसेलची गोष्ट आणखी दूरगामी आहे. भिल्ल, गामीत, चौधरी, पावरा अशा या पट्ट्यातील समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. गुजरातने त्यासाठी २००६ पासून नियंत्रण कार्यक्रम चालवला आणि २०२३ च्या जुलैपासून देशव्यापी निर्मूलन अभियान सुरू झाले. प्राथमिक तपासणीत दोष दिसला की पुढची खात्रीची तपासणी करून तो मनुष्य केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे ठरवावे लागते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भारपणात अपत्यास आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हा निष्कर्ष तरुण मुलाला किंवा मुलीला एकदा तोंडी सांगून भागत नाही. तो आयुष्यभर जवळ बाळगावयाचा दाखला आहे, आणि म्हणूनच अभियानात सिकलसेलची स्थिती दर्शवणारे कार्ड देण्याची योजना आहे.

रुग्णाला वैद्यकीय भाषा कळत नाही, तो उगाच घाबरेल, तेव्हा अहवाल डॉक्टरांनीच पाहावा, असे पुष्कळ सद्‌हेतूने सांगितले जाते. समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहेच. पण समजत नाही हे कागद न देण्याचे कारण होऊ शकत नाही. कायद्याने मान्य केलेले अपवाद अत्यंत थोडे आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २५ व्या कलमान्वये रुग्णास आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क आहे. मात्र एखादी विशिष्ट माहिती उघड केल्याने त्याच्या मनावर गंभीर आघात होण्याचा किंवा इतरांस इजा होण्याचा संभव असेल तर तेवढी माहिती राखून ठेवता येते, आणि तसे केल्यास त्या कायद्याखालील मंडळाकडे दाद मागण्याचा त्याचा हक्क त्यास कळवावा लागतो. सोनोग्राफीच्या अहवालात गर्भाचे लिंग सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, पण त्या सबबीवर सोनोग्राफीचा उरलेला अहवालच न देणे सर्वस्वी गैर होय. परदेशांत तर ही वाट आणखी पुढे गेली आहे : अमेरिकेत २०१४ पासून प्रयोगशाळेकडून थेट अहवाल मागता येतो, आणि युरोपीय न्यायालयाने २०२३ च्या ऑक्टोबरात, एका जर्मन रुग्णाच्या प्रकरणात, वैद्यकीय नोंदींची पहिली प्रत विनामूल्य दिली पाहिजे आणि ती का हवी याचे कारण सांगण्याची रुग्णास गरज नाही, असा निवाडा दिला.

याच्या नेमक्या उलट दिशेची एक गैरसमजूत आहे, आणि तिचे परिणाम मला अधिक भयावह वाटतात. ज्याने दवाखान्यात आणले, ज्याने पैसे भरले, तो अहवालाचा धनी, असे समजून मुकादमाच्या, मालकाच्या किंवा शेठच्या हाती मजुराचे रिपोर्ट बिनदिक्कत ठेवले जातात. २००२ च्या विनियमांप्रमाणे प्रत मागण्याचा अधिकार रुग्णाचा आणि त्याने स्वतः अधिकार दिलेल्या माणसाचा. पैसे भरल्याने तो कोणास प्राप्त होत नाही. बायकोचा अहवाल परस्पर नवऱ्याच्या हाती देण्याची रूढीही याच सदरात मोडते. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने तपासणीपूर्वी संमती आणि निष्कर्षाची गुप्तता या दोन्ही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. आणि धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत कामगारांच्या ज्या नियतकालिक तपासण्या होतात, त्यांच्या नोंदी कामगारास पाहावयास मिळाल्या पाहिजेत, ही तरतूद कारखाने कायद्यात १९८७ सालीच आली. ती तपासणी मालकाच्या खर्चाने होते म्हणून तिचा निष्कर्ष कामगारापासून लपवता येत नाही.

राहता राहिला प्रश्न दाद मागण्याचा. परप्रांतातला मनुष्य सुरतेत काय भांडणार, या भीतीने बहुतेक जण गावी परततात. परंतु प्रथम करावयाची गोष्ट अगदी साधी आहे : कोणते कागद हवे ते लिहून, मराठीत, हिंदीत वा गुजरातीत, दोन प्रतींत अर्ज द्यावा आणि एका प्रतीवर दिनांकासह पोच घ्यावी, कारकून पोच देईना तर तोच अर्ज पोचपावतीसह टपालाने धाडावा. दवाखाना सरकारी असेल तर माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करता येतो. गुजरातेत त्याची फी २० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस ती माफ आहे, सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आणि जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांची आहे. खासगी डॉक्टरविरुद्ध गुजरात मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. आणि पैसे घेऊन सेवा देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोग आहे, कारण वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवले, आणि ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुतः दडवून ठेवणे ही सेवेतील त्रुटी होय, असे २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येतच लिहिले आहे. सर्वांना सर्वस्वी मोफत सेवा देणाऱ्या दवाखान्यांना मात्र हा कायदा लागू होत नाही.

त्या २०१९ च्या कायद्याने आणखी एक मोठी सोय केली, जी स्थलांतरितांच्या फारशी कानावर गेलेली नाही. पूर्वी सामान्यतः जेथे प्रतिपक्षाचे ठाणे अथवा जेथे तक्रारीचे कारण घडले तेथेच तक्रार नोंदवावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगातही ती नोंदवता येते. म्हणजे कामरेजच्या रुग्णालयाने कागद दिले नाहीत तर नंदुरबारच्या मजुराने नंदुरबारच्याच आयोगात अर्ज करावा. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी लागत नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ही मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात, आणि रुग्णालयाची कागद जपण्याची तीन वर्षांची मुदत उपचाराच्या आरंभापासून. म्हणून कागद मागण्याचा अर्ज हंगाम संपण्याची वाट न पाहता, घरी सोडतील त्याच दिवशी द्यावा.