बर्डीचा डबा आपल्या गावी चालेल काय?



ऊस लागणीची नोंद मोबाईलवर सुरू झाल्यापासून आमच्या गट कार्यालयात "नेट आले काय?" हाच पहिला प्रश्न असतो. गेल्या हंगामात काही सभासद सातबारा घेऊन दुपारभर ओट्यावर बसून राहिले. नोंदीची तारीख मागे पडली की तोडीची पाळीही मागे जाते. म्हणून चिटबॉयच्या मोबाईलचे नेट सोडून बिनतारी घरगुती जोडणी घ्यावी काय, हे पाहण्यास आम्ही नागपूरला सीताबर्डीत गेलो.

देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाले. एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत नागपूर होते, त्यामुळे बर्डीला याचे नवल नाही. दुकानदाराने डबा लावून दाखविला. चित्र झटकन उमटले. आम्ही खिशात हात घातला, तर तोच म्हणाला, "साहेब, इथं चालते म्हणून तुमच्या गावात चालन असं नाही. टावर किती दूर हाय?" विकणाराच असे बोलला, याचे आम्हांस कौतुक वाटले.

त्याचे म्हणणे आपल्या पाण्याच्या भाषेत सांगतो. फायबर म्हणजे विहिरीवरून टाकलेली स्वतःची पाइपलाइन. मोबाईल डेटा म्हणजे पाटाचे पाणी. आणि एअरफायबर? नावात फायबर असले तरी तेही पाटाचेच पाणी, टॉवरवरून येणारे. फरक एवढाच की छपरावर मोठा अँटेना टॉवरकडे तोंड करून पक्का बसवितात व त्याची तार घरातील राउटरला जोडतात. मोबाईलचा अँटेना लहान, त्यात भिंत आणि टिनपत्रा आड. म्हणून टॉवर एकच असूनही छपरावर जास्त मिळते. पण पाटातच पाणी नसेल तर टेलच्या शेतकऱ्याने मोठा पंप बसवून काय होणार? संध्याकाळी सारे गाव मॅच पाहू लागले की धार दोघांचीही बारीक होऊ शकते. शिवाय ७०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, पण वेग बेताचा; ३३०० ची वेग देते, पण लांब टिकत नाही.

आता खर्च. जिओने सप्टेंबर २०२३ मध्ये एअरफायबर आणले तेव्हा सर्वांत खालचा दर महिना ५९९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे सुमारे ७०७ रुपये होता. वेग ३० मेगाबिट, मर्यादा १००० जीबी. रोज दीड जीबीच्या मोबाईल प्लॅनमध्ये २८ दिवसांत ४२ जीबीच होतात. मात्र नुसत्या नोंदी व व्हॉट्सअ‍ॅपला ४२ सुद्धा उरतात. घरात शिकणारी दोन-तीन मुले असतील तर गोष्ट वेगळी. मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे, हेही ध्यानात असू द्या. आठाने भागावे लागते. ३० चे पावणेचार होतात.

एक गोष्ट दुकानात कोणी बोलत नाही. लाइट गेली की डबा बंद, मोबाईल चालू. आपल्याकडे हे रोजचेच. तेव्हा राउटरपुरती लहान बॅटरी हिशेबात धरावीच.

आम्ही त्या दिवशी डबा न घेता परतलो. दुसऱ्या दिवशी कार्यालयात मोबाईलवर वेग मोजला: आत ४ मेगाबिट, स्लॅबवर २६. सायंकाळी आठ वाजता स्लॅबवर पुन्हा मोजला, तर १५. एवढ्यात आमचे काम भागते, म्हणून जोडणीचा प्रस्ताव पाठविला आहे. दुसऱ्या एका गटात मात्र स्लॅबवरही ३ च्या वर काटा गेला नाही. तेथे फायबरची तार गावात कुठवर आली आहे, याची चौकशी चालू आहे.