श्वास रोखायचा नाही

विहिरीत पोहायला शिकलेल्या पोराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बुडी मारण्याआधी छाती भरून श्वास घ्यायचा आणि डोकं वर येईपर्यंत सोडायचा नाही. स्कूबा शिबिराचा पहिला तास ही सवय मोडण्यातच जातो. मुलं कंबरभर पाण्यात गुडघे टेकून, तोंडात रेग्युलेटर धरून बसतात आणि प्रशिक्षक त्यांच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतो: काहीही झालं तरी श्वास चालू ठेवायचा.

यामागे रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम आहे, परीक्षेपुरता आपण सगळ्यांनी पाठ केलेला. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीसवर ३. दहा मीटरवर टाकीतली हवा छातीभर घेऊन कोणी श्वास रोखून वर आला, तर तीच हवा वाटेत दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला ते झेपत नाही. सगळ्यात मोठा फरक या पहिल्या दहा मीटरमध्येच पडतो. त्यामुळे 'उथळ पाण्यातच तर जाणार आहे' हे आईवडिलांचं समाधान फसवं.

टाकीचा हिशेबही तोच. बारा लिटरची टाकी २०० बारला भरली की तीत २,४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर घेणाऱ्याला ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल, दहा मीटरवर एकच. त्यातली काही राखून वर यायचं असतं, आणि घाबरलेलं पोर ती फार लवकर फस्त करतं. खाणाखुणांचीही वेगळीच मजा. 'मस्त चाललंय' म्हणून अंगठा दाखवावा, तर प्रशिक्षक मुलाला घेऊन थेट वर निघतो. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'वर चल' एवढाच!

आपल्याकडे याची शाळा भरते मालवणात. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक व प्रवाळ १९८७ साली जाहीर झालेल्या, २९.१२ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्यात येतात. पावसाळ्यात सगळं बंद. एरवी पर्यटक खाली जातात, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतात, माशांना पाव चारतात आणि वर येतात. मला विचाराल तर मुलांना यासाठी पाण्यात उतरवू नये. पाव हे खडकावरच्या माशांचं खाणंच नव्हे, आणि पावाभोवती जमलेली झुंबड बघून समुद्र कळत नाही.

त्यापेक्षा हातात पांढरी पाटी आणि साधी शिसपेन्सिल द्यावी. ती पाण्याखाली झकास उमटते. पहिली नोंद रंगाची. मालवणच्या बाजारात लालबुंद दिसणारी तांबोशी खाली काळपट, करडी दिसते. पाणी लाल प्रकाश आधी शोषून घेतं, निळा-हिरवा खोलवर जातो. खाली लाल उजेडच पोचत नसेल, तर लाल मासा लाल दिसणार कसा? टोपलीत नजरेत भरणारा तो रंग पाण्यात लपायला कामी येतो.

मग प्रवाळाची तब्येत कशी ओळखायची, असा प्रश्न एखादी चलाख मुलगी विचारतेच. प्रवाळाचा रंग बहुतांशी त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. शैवाल प्रकाशावर अन्न बनवतं, त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी फार तापलं की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरं पडतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या 'कोरलवॉच' उपक्रमाने यासाठी फिक्या ते गडद छटांचा तक्ता काढला आहे. तो प्रवाळाशेजारी धरायचा, जुळणारा आकडा पाटीवर लिहायचा. तक्ता आणि प्रवाळ दोन्हींवर उजेड एकच पडतो, त्यामुळे तुलना चुकत नाही. हात मात्र लावायचा नाही. त्या कडक सांगाड्यावर जिवंत कातडीचा पातळ थर असतो.

एका दिवसाच्या अशा नोंदीला एकटीला फारशी किंमत नाही. तोच खडक, तोच महिना, दरवर्षी, असं झालं तर आहे.

आता पालकांसाठी. सर्दी झालेल्या मुलाला उतरवू नका. कानातला दाब जुळवता येत नाही आणि पडद्याला इजा होते. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दाबाखाली श्वास घेताना रक्तात जादा नायट्रोजन विरघळतो; बाहेरचा दाब झपाट्याने उतरला की त्याचे बुडबुडे होतात, गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर होतात तसे. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त झाल्या तर १८ तास विमानात बसायचं नाही. आंबोलीही सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, तेव्हा घाटाचंही प्रशिक्षकाला विचारून घ्या. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा.